ग्रो बॅग आणि कोकोपीट, पाच महिन्यांनंतर: रोपांनी माना टाकल्या त्याचं खरं कारण

पहिल्या आठवड्यात मी या बॅगांना पाचपैकी चार तारे दिले होते. ते मागे घेतोय.

ऑक्टोबरमध्ये 12 बाय 12 इंची एचडीपीई प्लास्टिकच्या बॅगांचा दहाचा संच आणि 5 किलोची कोकोपीटची (नारळाच्या सोडणांच्या भुशाची) वीट मागवली. पुण्यातली गच्ची, ऊन भरपूर. नर्सरीतून ट्रेमधली टोमॅटोची आठ रोपं आणली, कोकोपीट आणि गांडूळखताच्या मिश्रणात संध्याकाळी लावली. तिसऱ्या दिवशी दुपारी आठही रोपांनी माना टाकल्या. लावणीनंतर दुपारच्या उन्हात पानं लोंबतात आणि रात्रीत सावरतात, हे माहीत असल्याने घाबरलो नाही. पण चौथ्या दिवशी सकाळी सहालाही ती तशीच होती. वरचं कोकोपीट कोरडं दिसत होतं, म्हणून मी आणखी पाणी घातलं. तीच माझी मोठी चूक.

दोन रोपं गेल्यावर पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा 250 रुपयांचा टीडीएस पेन घेतला. कोकोपीट पिळून निघालेल्या पाण्यात तो 1900 दाखवत होता, नळाच्या पाण्यात 90. नारळाच्या सोडणांत मुळातच पोटॅशियम आणि सोडियम असतं, त्यात ती खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर मीठ आणखी वाढतं. भोवती एवढं मीठ असेल तर मुळांना पाणी ओढताच येत नाही. पाकिटावर ‘धुतलेलं’ असं छापलेलं होतं. विक्रेत्याशी चारदा बोललो, फोटो पाठवले. ‘भिजवलेला माल परत घेत नाही’ हे एकच उत्तर. पण भिजवल्याशिवाय मीठ मोजायचं कसं?

मग कोकोपीट गोणपाटात घालून तीनदा धुतलं. आकडा 350 वर आला. उरलेली सहा रोपं पुन्हा लावली, वर हिरवी शेडनेट बांधली. तीन सावरली. तीन मात्र तशीच मरगळलेली.

इथे माझं मत बदललं. त्यांतल्या एका रोपाची बॅग उचलायला गेलो तर चार दिवस पाणी न घालताही जड. तिरकी केली तर बाजूच्या भोकांतून काळं, कुबट वासाचं पाणी आलं. फूटपट्टी लावली: भोकं तळापासून बरोबर एक इंच वर आणि तळाला एकही नाही! 12 इंच व्यासाच्या बॅगेत एक इंच म्हणजे पावणेदोन लिटरहून जास्त जागा. तिथलं मिश्रण कायम चिंब, मुळांना हवा नाही. मुळं तपकिरी आणि लिबलिबीत झाली होती. जी तीन सावरली, त्यांच्या बॅगा गच्चीच्या उतारावर कललेल्या होत्या, म्हणून त्यांचं पाणी निघून जात होतं.

आजोबा शेतात मूठभर माती दाबून ‘वाफसा आलाय’ म्हणायचे. मातीत ओल हवी तशी हवाही हवी, एवढाच त्याचा अर्थ. कोकोपीट वरून वाळतं आणि आत ओलं राहतं, त्यामुळे नजरेला वाफसा कळतच नाही. आता बोट दोन पेरं आत घालतो आणि बॅग हलवून वजन बघतो.

सळई तापवून प्रत्येक बॅगेच्या तळाला सहा भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे ठेवले. मिश्रणात निम्मी लाल माती घातली. तिसऱ्या दिवसापासून दोन रोपं उभी राहिली, एक गेलं. मार्चपर्यंत पाच झाडांवर नऊ किलो टोमॅटो निघाले.

कोकोपीटबद्दल मी वर जे कडक लिहिलं, ते थोडं सौम्य करतो. धुऊन घेतलं तर माल चांगला आहे, तीन तारे. बॅगेचं कापड दणकट आहे, उन्हात शिवण उसवली नाही, रंगही टिकला. तरीही दोनच तारे. कारखान्यात भोक एक इंच खाली पाडायला एक पैसाही जास्त लागला नसता आणि माझी तीन रोपं गेली. संचातल्या दोन बॅगा अजून कोऱ्या आहेत, त्यांना मिरची लावण्याआधीच तळाला भोकं पाडून ठेवली आहेत.