प्रत्येक धुराड्याला मर्यादा की परवान्यांचा बाजार?

हवेच्या प्रदूषणावर नियमन असावे की नसावे, या प्रश्नावर फार काळ थांबण्याची गरज उरलेली नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार, स्वच्छ हवा कायद्यातील १९९० च्या दुरुस्त्यांचा २०२० या एका वर्षातील खर्च सुमारे ६५ अब्ज डॉलर, तर लाभ सुमारे २ लाख कोटी डॉलर असणार होता. या लाभाचा बहुतांश भाग सूक्ष्म धूलिकण घटल्यामुळे टळलेल्या अकाली मृत्यूंचा आहे. जीव वाचण्याला पैशांत मोजणे मनाला खटकते, हे मान्य. पण ते मोजलेच नाही, तर हिशोबात त्याची किंमत शून्य धरली जाते आणि यंत्रसामग्रीचा खर्च तेवढा दिसत राहतो.

खरी निवड पद्धतीची आहे. पहिल्या पद्धतीत प्रत्येक कारखान्याला उत्सर्जनाची समान मर्यादा घालून दिली जाते. तिचे बळ असे की, धुराड्याच्या आसपास राहणाऱ्यांना निश्चित संरक्षण मिळते. मात्र एक टन प्रदूषण कमी करण्यासाठी जुन्या कारखान्याला नव्याच्या कितीतरी पट खर्च येऊ शकतो, आणि मर्यादा एकदा गाठली की त्याखाली जाण्यात कोणालाच लाभ उरत नाही.

दुसऱ्या पद्धतीत एकूण उत्सर्जनाची कमाल मर्यादा ठरवून तेवढेच परवाने वाटले जातात. ज्याला कपात स्वस्तात जमते तो ती जास्त करतो आणि उरलेले परवाने विकतो. अमेरिकेत १९९५ पासून सल्फर डायऑक्साइडसाठी हेच केले गेले. काही वीजकेंद्रांनी धूर धुणारी संयंत्रे बसवली, तर अनेकांनी कमी गंधकाचा कोळसा वापरला, आणि खर्च अंदाजापेक्षा बराच कमी आला. याचे सारे श्रेय बाजाराला देणे मात्र योग्य नाही, कारण रेल्वेवरील सरकारी नियंत्रणे सैल झाल्यामुळे तो कोळसा लांबवर नेणे आधीच स्वस्त होऊ लागले होते. तरीही सर्वांवर एकाच संयंत्राची सक्ती असती, तर ही वाट बंदच राहिली असती.

निव्वळ खर्च पाहिला तर दुसरी पद्धत सरस ठरते, पण लाभ धूर कोठे पडतो यावर अवलंबून असतो. सल्फर डायऑक्साइड शेकडो किलोमीटर पसरत जाऊन त्याचे सूक्ष्म कण बनतात. म्हणून कपात नेमकी कोठे झाली याला तुलनेने कमी महत्त्व आहे. शिसे किंवा बेंझीन यांचा मारा जवळच्या वस्तीवर सर्वाधिक होतो, आणि तेथे परवाने विकत घेऊन धूर सोडत राहण्याची मुभा देणे मला अन्याय्य वाटते. अशा विषारी द्रव्यांसाठी मर्यादाच हवी. दूरवर पसरणाऱ्या वायूंसाठी बाजार निवडावा, मात्र प्रत्येक धुराड्यावर उत्सर्जन सतत मोजणारे यंत्र बसलेले असेल तरच. तोवर समान मर्यादाच लागू ठेवावी.