घडीची पक्कड: पाच मल्टिटूल, नऊ महिने आणि केळीचा चीक

गेल्या दिवाळीपासून माझ्या खिशात आळीपाळीने पाच मल्टिटूल, म्हणजे पक्कड, चाकू, पेचकस एकाच मुठीत घडी होऊन बसणारी अवजारं, फिरली. रावेर तालुक्यात आमची केळी आहे आणि बागेचं ठिबक मीच बघतो, शेजारच्या तीन-चार बागांचंही. नळी काप, ड्रिपर उपस, फिल्टर उघड, पंपाच्या स्टार्टरच्या पेटीचा स्क्रू फिरव, असं दिवसभर काही ना काही चालूच असतं. पूर्वी पक्कड, पेचकस, चाकू यांचं एक गाठोडं गाडीला लटकवलेलं असायचं, आणि हवं तेव्हा नेमकं ते विहिरीवर राहिलेलं असायचं. तिथून हा नाद लागला. शेजारचे अण्णा आता बांधावरूनच हाक मारतात, "भो, ती तुझी घडीची पक्कड आण बरं." मलाही ते नाव आवडलंय.

नामांकित कंपन्यांची मोठी मल्टिटूल दहा हजारांच्या पुढे जातात. माझी पाचही सहाशे ते साडेतीन हजारांच्या दरम्यानची, फारशा कुणी न ऐकलेल्या चिनी शिक्क्यांची. शिक्क्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्याकडच्या दोन नगांचा सांगाडा अगदी एकच आहे, शिक्के मात्र वेगळे. नावावर जाऊन उपयोग नाही. हातात घेऊन काय बघायचं तेवढं सांगतो.

आधी पक्कड बघा. टिम लेदरमन हा अमेरिकन इंजिनिअर १९७५ मध्ये जुनी फियाट घेऊन युरोपभर फिरत होता. गाडी सारखी बिघडायची, खिशात चाकू होता पण पक्कड नव्हती. त्या अडचणीतून त्याने वर्षानुवर्षं खटपट करून १९८३ मध्ये आपलं पहिलं मल्टिटूल बाजारात आणलं. म्हणजे ही वस्तू पकडीसाठीच जन्मली. स्वस्त नगांमध्ये नेमकं तिथेच पाणी मुरतं. दुकानात पक्कड मिटवून उजेडासमोर धरा. टोकं जुळली आणि मध्ये फट राहिली तर चालेल, कारण दाबल्यावर ती मिटते. टोकंच एकमेकांवर तिरपी बसत असतील तर ठेवून द्या. माझा सहाशेचा नग तसाच होता. ड्रिपरची बारीक कडी धरायला गेलं की निसटायची. दुसऱ्या महिन्यात तो घरातल्या ड्रॉवरमध्ये गेला.

तार कापायची बाजूही तिथेच तपासा. तांब्याची वायर पाचही जण मुकाट्याने कापतात. कुंपणाची १२ गेजची तार म्हणजे अडीच मिलिमीटरच्या वर जाडी आणि कडक लोखंड. ती कापताना दोन नगांच्या धारेत अर्धचंद्रासारखी खाच पडली, आणि आता त्या खाचेतून बारीक वायर न तुटता फक्त चेपते. तिसऱ्या नगाची कापणारी पाती स्क्रूने बसवलेली आहेत, फिरवून नवी बाजू पुढे आणता येते. माझ्या मते एवढ्या एका सोयीसाठी हजार रुपये जास्त द्यावेत.

आता चिकाकडे येतो. या नऊ महिन्यांत मी सगळ्यात जास्त शिकलो ते चिकाकडून, आणि परीक्षणं लिहिणाऱ्या कुणी त्याबद्दल चकार शब्द काढल्याचं मला आढळलं नाही. मार्गशीर्षात निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या बागेत कमळं (घडाच्या टोकाची केळफुलं) काढत होतो. ताजा चीक पाण्यासारखा पातळ असतो, पात्यावरून ओघळत थेट सांध्यात उतरतो. त्यात टॅनिन असतं. हवा लागली की तो तपकिरी होतो, मग काळा आणि चिकट. संध्याकाळी पातं उघडायला गेलो तर नख तुटायची वेळ आली. वर दिवसभराची पोयट्याची धूळ, म्हणजे आत खळ घालून बसल्यासारखंच. साबण-पाण्याने काही झालं नाही. शेवटी वाटीत थोडं डिझेल घेतलं, जुन्या टूथब्रशने घासलं, पातं पंधरा-वीस वेळा उघडझाप केलं, तेव्हा आतून काळा लगदा बाहेर आला.

त्या दिवसापासून मी सांधा बघतो. काही नगांना नुसता रिव्हेट ठोकलेला असतो, तो उघडत नाही. काहींना सहा टोकांच्या चांदणीसारखी खाच असलेला टॉर्क्स स्क्रू असतो, टी-८ किंवा टी-१० च्या बिटने उघडतो. उघडणारा नग मी महिन्यातून एकदा सुटा करून पुसतो, थेंबभर मशीनचं तेल घालतो, आणि तो पुन्हा नव्यासारखा चालतो. रिव्हेटवाले दोन्ही नग आज अर्धवट जाम आहेत. उघडणाऱ्यातही खोट आहेच. शेतरस्त्यावर गाडीच्या हादऱ्याने स्क्रू ढिला पडतो. माझा एक स्क्रू असाच बागेत पडला, सापडला नाही. आता निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रूचे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, एक थेंब लावतो. लाल लावू नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. कमळं काढायला निघताना पात्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवतो, फणस कापताना फिरवतात तसं. चीक तेवढा धरत नाही.

पोलादाबद्दल थोडं. स्वस्त नगांवर बहुतेक '३सीआर१३' लिहिलेलं असतं. म्हणजे साधारण ०.३ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. कार्बन कमी, म्हणून धार लवकर जाते, पण दगडावर पाच मिनिटांत परतही येते. १६ मिलिमीटरची नळी कापायला एवढं पुरे. नळीच्या प्लास्टिकने धार जात नाही, तिला चिकटलेल्या रेतीने जाते. कापण्याआधी नळी पंच्याने पुसली तरी मोठा फरक पडतो.

स्टेनलेस म्हणजे गंजणारच नाही, हा माझा समज मात्र फार महागात पडला. आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं, ड्रिपरवर पांढरे खडे धरतात, म्हणून लाइनमधून हायड्रोक्लोरिक अॅसिड सोडावं लागतं. फाल्गुनात ते काम उरकून कॅन आणि मल्टिटूल एकाच पत्र्याच्या पेटीत ठेवून घरी गेलो. कॅनचं झाकण घट्ट नव्हतं. सकाळी पेटी उघडली तर पात्यांवर तुरीच्या डाळीएवढे तांबूस डाग. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडची एक अदृश्य पातळ साय असते, तीच त्याला राखते, आणि क्लोराइड नेमकं तीच फोडतं. डाग घासून गेले, पण खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे राहिले. माझा सगळ्यात आवडता, साडेतीन हजारांचा नग होता तो. अॅसिडच्या दिवशी आता तो घरीच राहतो.

स्टार्टरबद्दल कळकळीने सांगतो. थ्री-फेजची ४१५ व्होल्टची लाइन असते आणि यातली एकही मूठ इन्सुलेटेड नाही. मुठीवर प्लास्टिकची पट्टी असली तरी ती शोभेची. १००० व्होल्टची खूण असलेली पक्कडच त्या कामाची. मी मेन स्विच पाडतो, टेस्टरने बघतो, मगच पेटीला हात लावतो. रात्रपाळीची लाइट असेल, झोप डोळ्यांवर असेल, तरी हे चुकवू नका.

बाकी अवजारांचं चटकन सांगतो. कात्री चांगली असेल तर रोज लागते, घडाच्या पिशव्या आणि आधाराच्या पट्ट्या कापायला तिच्यासारखं काही नाही. करवत पेरूच्या फांदीपुरती. बाटली उघडणी, कॅन उघडणी, मोजपट्टी यांना नऊ महिन्यांत मी हात लावलेला नाही. अवजारं जितकी जास्त, तितकं प्रत्येक पातळ आणि मूठ तितकी जाड. एकवीस अवजारांचा माझा नग पक्कड म्हणून दाबला की तळहाताला रुतायचा.

पातं लॉक होतं का, हेही बघाच. माझं एक लॉक नसलेलं पातं नळीत अडकून बोटावर मिटलं, दोन टाके पडले. आणि जळगावहून विमानाने जाणार असाल तर मल्टिटूल हातसामानात चालत नाही, खाली द्यायच्या बॅगेतच टाका.

आज खिशात आहे तो तेराशेचा, नऊच अवजारांचा नग. पक्कड सरळ, सांधा उघडणारा, कात्री स्प्रिंगची, पातं लॉक होणारं. साडेतीन हजारांच्या नगापेक्षा तो थोडा ओबडधोबड दिसतो, पण वैशाखात ४५ अंशांत, घामाच्या हातातही सटकत नाही, कारण त्याची मूठ खरबरीत आहे. सोबतची नायलॉनची पिशवी दोन महिन्यांत उसवली, गावातल्या चांभारदादांकडून कातड्याची शिवून घेतली. अण्णांनी परवा तोच नग मागवायला सांगितलाय. एकाऐवजी दोन मागवलेत, दुसरा सुट्या भागांसाठी, कारण याचे स्क्रू आणि स्प्रिंग इकडे कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.