मळकी पिशवी की चकचकीत? वापरलेल्या पुंगळ्यांचा रिव्ह्यू

रीलोडिंग, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या पुंगळीत नवा प्रायमर, पावडर आणि गोळी भरून ती परत वापरणं, सुरू करताना प्रेस (दाबयंत्र) कुठला, डाय (त्यातला साचा) कुठली, काटा कुठला यावर लोक तासन् तास बोलतात आणि पुंगळ्यांचा विषय निघाला की "अरे घे ना वन्स-फायर्डची (एकदाच उडालेल्यांची) एक पिशवी" म्हणून मोकळे होतात. म्हणून हा रिव्ह्यू फक्त पिशव्यांचा. दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून पिस्तुलाच्या ९ एमएम आणि रायफलच्या .३०८ दोन्ही मागवल्या, एकाकडून कच्चा माल म्हणजे रेंजवरून झाडून भरलेला, ना धुतलेला ना पुसलेला, आणि दुसऱ्याकडून "प्रोसेस्ड" म्हणजे प्रायमर (बुडातली, पावडर पेटवणारी टिकली) काढून, क्रिंप (प्रायमर धरून ठेवणारी दाबलेली कड) काढून, टम्बलरमध्ये म्हणजे घासणाऱ्या यंत्रात घोळवून चकाचक केलेला, .३०८ तर साइझ पण, म्हणजे डायमध्ये दाबून परत मापात, करून दिलेल्या. नावं देत नाहीये, कारण असला माल लॉटनुसार बदलतो. (आणि हो, आपल्याकडे रीलोडिंगला परवानगी आहे का, परवाना लागतो का, ते आधी बघा, मग पिशव्या.)

निकाल आधीच सांगून टाकतो. नवशिक्याने मळकी पिशवी घ्यावी. त्यातही पिस्तुलाची बिनधास्त, रायफलची जरा जपून. प्रोसेस्ड पिशवी दिसायला भारी, काम वाचवते, पण विक्रेत्याने जितकं काम करून दिलंय तितका पुरावा पुसलाय. वापरलेली पुंगळी आधी कुठल्या चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत) भाजून निघाली, तिच्यावर किती दाब आला, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, तिच्या अंगावरच्या खुणाच सांगणार, आणि त्या खुणाच घासून टाकल्या तर बघणार काय?

उदाहरणार्थ प्रायमर. कच्च्या पिशवीत जुना प्रायमर जागेवरच असतो. त्याच्या कडेने काजळीचा गोल डाग दिसला म्हणजे गॅस तिथून निसटलाय, पॉकेट (प्रायमर बसायचं घर) ढिलं झालंय, पुंगळी बाद. प्रायमर चेपून पार सपाट झालाय, बुडावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या पिनच्या) भोकाचा चमकदार ठसा उमटलाय, म्हणजे दाब जास्त गेलेला असू शकतो (नुसत्या चपट्या प्रायमरवरून लगेच निष्कर्ष काढू नका, पण दोन्ही एकत्र दिसले तर मी ती पुंगळी ठेवत नाही). प्रोसेस्ड पिशवीत यातलं निम्मं गायब. प्रायमर नाही, काजळी नाही, आणि टम्बलरने ठसाही बोथट केलेला. पॉकेट ढिलं आहे हे मग कधी कळतं, तर नवीन प्रायमर बसवताना तो बोटाच्या जोराने सुळकन आत गेला की. अशी पुंगळी लगेच बाद करायची, "बसलाय ना, चालेल" असं नाही करायचं.

आता मळक्या पिशवीचा त्रास पण सांगतो, नाहीतर जाहिरात वाटेल. माती, खडे, गवत, आणि दुसऱ्याच मापाच्या पुंगळ्या. ९ एमएममध्ये .३८० हमखास मिसळलेली असते, नुसत्या नजरेला जवळपास सारखीच, पण ९ एमएमची लांबी १९.१५ मिमी आणि .३८० ची १७.३ च्या आसपास, त्यामुळे सगळ्या सपाट टेबलावर तोंड वर करून उभ्या केल्या की बुटक्या आपोआप दिसतात. .२२ ची पुंगळी ९ एमएमच्या आत जाऊन बसते आणि ९ एमएमची .४० च्या आत, तर प्रत्येक पुंगळीत वरून डोकावून बघायचंच. आत खडा किंवा वाळलेला चिखल राहिला तर पावडरला जागा कमी पडते, आणि जागा कमी म्हणजे दाब जास्त. शिवाय एखादं न उडालेलं काडतूस किंवा पिनचा ठसाच नसलेला जिवंत प्रायमर पण पिशवीत येऊ शकतो, तो बाजूला काढायचा, त्याच्याशी खेळ नाही.

आणि हात. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असतं, त्या काळ्या धुळीत शिसं असतं, तर मळकी पिशवी स्वयंपाकघरात ओतू नका, हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि कोरडा टम्बलर पोरंबाळं वावरतात तिथे अजिबात नको.

तपासायला मी जे वापरतो त्यातल्या बहुतेक गोष्टी घरातच सापडतात. पहिलं लोहचुंबक, कारण पितळेचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या पुंगळ्या दिसायला अगदी पितळेच्याच असतात, चुंबक लावला की लगेच कळतं. गंमत म्हणजे प्रोसेस्ड पिशवीतल्या काही अस्सल पितळी पुंगळ्यांना पण हलकी ओढ लागली, बघतो तर ओल्या टम्बलिंगच्या स्टीलच्या पिना आत अडकलेल्या, एक तर थेट फ्लॅश होलमध्ये, म्हणजे प्रायमरची ठिणगी आत जाते त्या भोकात. म्हणजे पैसे देऊन करून घेतलेली सफाईच तपासावी लागली.

दुसरं, बारीक टॉर्च. प्रायमरच्या रचनेचे दोन प्रकार, तळाला एकच मधोमध भोक असेल तर बॉक्सर, दोन बारीक भोकं असतील तर बर्डन. बर्डनवर डिकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी) घातली की पिन वाकते किंवा तुटते, कारण तिथे मधे भोकच नाही, ॲन्व्हिल (प्रायमर ज्यावर चेपून पेटतो तो उंचवटा) पुंगळीतच घडवलेलं असतं. (बर्डन हा अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, दोघांची पेटंट १८६६ ची, आणि आज अमेरिकेत चालतं बॉक्सर अन् बर्डन जास्त करून युरोपातल्या नि लष्करी मालात. असो.) इथे प्रोसेस्ड पिशवीला पूर्ण मार्क, प्रायमर काढलेले म्हणजे सगळं बॉक्सरच निघालं.

तिसरं म्हणजे कान. मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवल्या की चांगल्या छान किणकिणतात आणि चिरलेली एखादी असेल तर पिचलेल्या भांड्यासारखा आवाज मधेच येतो. ९ एमएमला हे फार उपयोगी पडतं. मग एकेक करून तोंडापाशी चीर शोधायची. निकेलवाल्या चंदेरी पुंगळ्यांची तोंडं जरा लवकर चिरतात, तिथे जास्त बघा. तोंड थोडं चेपलेलं, अंडाकृती झालेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, साइझिंग डायमध्ये सरळ होतं, पण दुमडून धारदार घडी पडली असेल तर सोडून द्या. .४५ घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तिच्यात लार्ज आणि स्मॉल असे दोन्ही प्रायमर पॉकेट येतात, आधीच वेगळे केले नाहीत तर प्रेस मधेच अडतो.

आता रायफल, आणि खरा जीव इथेच अडकलाय. .३०८ सारख्या पुंगळीचं मोठं दुखणं म्हणजे बुडाच्या जरा वर भिंत आतून पातळ होत जाणं. बार उडाला की पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो आणि बूड मागे बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर) ढकललं जातं, मधलं पितळ ताणलं जातं. मग फुल-लेंग्थ (पूर्ण लांबीच्या) साइझिंगमध्ये खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, परत मागे सारला जातो, पुढच्या बाराला परत ताण. असं होत होत एक दिवस पुंगळी तिथूनच दोन तुकडे होते, पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो आणि तापलेला गॅस मागे शूटरच्या दिशेने येऊ शकतो. बाहेरून याची खूण म्हणजे बुडाच्या वर एक चमकदार कडं. पण साइझिंग डाय जिथपर्यंत पोचते तिथेही तशीच रेघ उठते, म्हणून नुसतं कडं बघून फैसला करता येत नाही, आणि टम्बलरने सगळंच चमकवलं असेल तर कडं दिसतच नाही.

त्याला उपाय तार. पेपरक्लिप सरळ करून टोक काटकोनात दोनेक मिमी वाकवायचं, घासून अणकुचीदार करायचं, आत तळाला टेकवायचं आणि भिंतीला लावून हळूहळू वर ओढायचं. खळगा असेल तर टोक तिथे अडखळतं. आधी एखाद्या कोऱ्या पुंगळीत तार फिरवून बघा, म्हणजे बुडाच्या जाडीपासून भिंतीपर्यंतचा नैसर्गिक उतार हाताला कळेल, नाहीतर नवशिक्याला प्रत्येक पुंगळीत खळगा लागतो. शंकाच असेल तर त्या लॉटमधली एक करवतीने उभी कापा, डोळ्याला दिसेल.

आणि "वन्स-फायर्ड" हे लेबल इथे फार कामाचं नाही. मशीनगनची चेंबर मुद्दाम सैल ठेवलेली असते, माती-काजळीतही चालावी म्हणून, त्यातून एकदाच उडालेली ७.६२ ची (.३०८ च्या लष्करी भावंडाची) पुंगळी चांगलीच ताणलेली असू शकते. बुडावर वर्तुळातला अधिक म्हणजे नाटोचा शिक्का, तो दिसला की मी तार हमखास फिरवतो. लष्करी पुंगळ्या बऱ्याचदा जाड भिंतीच्या असतात, आतली जागा कमी, म्हणून साध्या .३०८ साठीचा पावडरचा आकडा उचलून त्यात घालायचा नाही, मॅन्युअलप्रमाणे खालून सुरुवात. त्यांच्या प्रायमरभोवती क्रिंप पण असतो, तो स्वेज करून (दाबून) किंवा रीमरने (खरवडून) काढावा लागतो. प्रोसेस्ड पिशवीत हे काम केलेलं होतं पण काही पॉकेटची तोंडं रीमरने इतकी खरवडली होती की नरसाळं झालं होतं. मानेवरचा निळसर तपकिरी पट्टा बघून मात्र माल परत पाठवू नका, ती ॲनीलिंगची (तापवून मऊ केल्याची) खूण आहे, लष्करी मालात ती पुसत नाहीत इतकंच.

प्रोसेस्डवाल्याने .३०८ साइझ करून दिल्या त्याबद्दल आभार मानावे की कपाळाला हात लावावा कळेना. खांदा किती मागे गेला हे मूळ चेंबरच्या तुलनेत आता मोजताच येत नाही, बुडाजवळ फुगवटा होता का तेही कळत नाही. लांबी तेवढी व्हर्नियरने बघितली, कमाल ५१.१८ मिमी, ट्रिम साधारण ५०.९३ ला, आणि खांद्यासाठी केस गेजमध्ये (माप तपासायच्या साच्यात) टाकून बघितल्या. त्या हिशोबात लॉट ठीक होता, पण तारेला ज्यांत खळगा लागला त्या बादच. कच्च्यातल्या .३०८ मधूनही बाद निघाल्या, फक्त का बाद ते तिथे कळलं.

धुण्याबद्दल एवढंच, की मळक्या पुंगळ्या दोनदा तपासायच्या, धुण्याआधी काजळीसाठी आणि धुतल्यावर केसासारख्या बारीक चिरांसाठी. अमोनियावाली पितळेची पॉलिश वापरायची नाही. काडतुसाचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, ताण असलेल्या अशा पितळाला अमोनिया लागला की ते आपोआप तडकतं. १९व्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची, घोड्यांच्या तबेल्यात साठवलेली असायची आणि मूत्रातला अमोनिया हवेत, खरं कारण १९२१ मध्ये समजलं. व्हिनेगरसारख्या आम्लात पण फार वेळ ठेवू नका, पुंगळी गुलाबी पडली म्हणजे वरच्या थरातलं जस्त गेलं.

बाद पुंगळीचं तोंड तिथल्या तिथे पकडीने चेपून टाकायचं आणि वेगळ्या डब्यात, चेपलेली परत चांगल्यांत मिसळत नाही. डबा भरला की भंगारात पितळेच्या भावाने जातो. उरलेल्या बुडावरच्या शिक्क्याप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवल्यात, आणि पुढच्या वेळी कच्चावाल्याकडूनच घेईन, फक्त ९ एमएम. .३०८ साठी स्वतःच्या रायफलमधून उडवलेल्या फॅक्टरी काडतुसांच्या पुंगळ्याच जपून ठेवतोय.