सौर फीडर की स्वतःचा सौर पंप?

जुन्नर-आंबेगावकडे रात्रीच्या पाळीत मोटार चालू करायला जाणाऱ्याला बिबट्याची भीती, तर इतरत्र साप-विंचवाची. दिवसा वीज हवी ही मागणी म्हणूनच जिवाशी निगडित आहे. ती मिळवायचे आज महाराष्ट्रात दोन रस्ते आहेत.

पहिला, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. 2017 साली सुरू झाली, 2023 पासून दुसरा टप्पा चालू आहे. यात 33/11 केव्ही उपकेंद्राच्या (33 हजार व्होल्टची वीज 11 हजारांवर उतरवणाऱ्या केंद्राच्या) जवळपास सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्या उपकेंद्राचे कृषी फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाईन, दिवसा त्यावर चालतात. तुमची मोटार, स्टार्टर, केबल जुनीच. पदरचा खर्च नाही. दुसरा, 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. सर्वसाधारण गटाला किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के भरावे लागतात. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्यापुढे 7.5. ही योजना ज्यांच्याकडे आधीची वीजजोडणी नाही त्यांच्यासाठी आहे, त्यामुळे काहींचा निर्णय इथेच होतो.

निवड खुली असेल तर आधी डीपी (शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर) बघा. डीपीवर क्षमतेपेक्षा जास्त मोटारी असतील आणि तुम्ही लाईनच्या शेपटाला असाल, तर उपकेंद्राशेजारी प्रकल्प आला म्हणून तुमच्या विहिरीवर व्होल्टेज आपोआप सुधारत नाही. डीपी जळाला की सौर फीडरवरचा शेतकरीही थांबतोच. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना सांगितली जाते: 33 केव्ही लाईन गेली की ऊन कितीही असलं तरी प्रकल्प बंद होतो. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी प्रकल्पातले इन्व्हर्टर (पॅनलची वीज ग्रिडला चालेल अशी करणारी यंत्रं) तसेच बनवलेले असतात आणि ते योग्यच आहे.

स्वतःच्या पंपाला यातलं काहीच लागू नाही. पण ढग आले की पाणी कमी, सकाळ-संध्याकाळ धार बारीक. उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली की आधी पुरणारा पंप तोकडा पडतो, आणि मागे ग्रिडचा आधार नसतो. अर्जात विहिरीची खोली टाकताना मे महिन्यातली पातळी धरा.

ग्रिडच्या बाजूने पाहिलं तर माझा कौल फीडरला आहे. स्वतंत्र पंपाचे पॅनल पावसाळ्यात, पाण्याच्या दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत नुसते तापत बसतात; ती वीज कुणाच्याच कामी येत नाही. फीडरवरची उरलेली वीज गावाला, कारखान्याला जाते. शेतीचा भार रात्रीतून दिवसात येतो, दूरच्या औष्णिक केंद्रातून वीज आणताना होणारी गळती वाचते.

मात्र नियोजन नीट झालं तरच. भर पावसाळ्यात मोटारी बंद आणि ऊन पडलेलं, अशा दुपारी वीज 11 केव्हीकडून 33 केव्हीकडे उलटी चढते. ट्रान्सफॉर्मर, संरक्षण रिले (बिघाड ओळखून लाईन तोडायला लावणारं उपकरण), मीटर दोन्ही दिशांचा विचार करून बसवलेले हवेत. ढग आडवा आला की पडणारी तूट ग्रिडने क्षणात भरायची. आणि संध्याकाळी सातच्या मागणीला बॅटरीशिवाय या प्रकल्पांचा उपयोग शून्य.

तेव्हा उपकेंद्रात जाऊन दोनच प्रश्न विचारा: आमचा कृषी फीडर गावठाणापासून वेगळा झालाय का, आणि त्यावरचा प्रकल्प प्रत्यक्ष चालू आहे का? दोन्हींना 'हो' असेल आणि डीपी धड असेल, तर 7.5 एचपीपर्यंतचं बिल मार्च 2029 पर्यंत माफ असताना पंपासाठी पैसे गुंतवू नका. लाईनच पोचली नसेल किंवा शेत अगदी शेवटच्या खांबावर असून अजून जोडणी घेतलेली नसेल, तर पंपाचा अर्ज आजच भरा.