फिफ्टीन्स की सेव्हन्स? देशाकडून रग्बी खेळायचंय तर आधी हे बघा

इंटरनॅशनल रग्बी खेळायचंच असं ज्याने मनाशी पक्कं केलंय त्याच्यापुढे सतरा-अठराव्या वर्षी हा प्रश्न येतोच, पंधरा जणांच्या खेळावर जोर द्यायचा की सात जणांच्या. मैदान तेच, बॉल तोच, त्यामुळे वाटतं एकच खेळ आहे, पण करिअर म्हणून बघाल तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पोट भरायचं तर फिफ्टीन्स, पण वय विशीच्या आत असेल आणि तुम्ही बॅक (मागच्या फळीतले पळणारे) किंवा फ्लँकर (पुढच्या गटातले चपळ खेळाडू) असाल तर दोन-तीन वर्षं सेव्हन्स खेळाच.

आधी अंग बघा. फिफ्टीन्सची मॅच 80 मिनिटांची, सेव्हन्सची फक्त 14, म्हणजे 7-7 मिनिटांचे दोन हाफ. ऐकायला सोपं वाटतं, पण मैदान पूर्ण आणि माणसं निम्म्याहून कमी, एक टॅकल हुकला की समोरचा थेट ट्रायलाइनकडे सुटतो (तिच्यापलीकडे बॉल टेकवला की ट्राय, म्हणजे गुण) आणि तुम्ही मागे जीव तोडून पळताय, पाचव्या मिनिटाला छाती फुटायची वेळ येते, आणि हे झालं की काही तासांत पुढची मॅच. फिफ्टीन्सचा त्रास वेगळा, तो हळूहळू चढतो. सत्तराव्या मिनिटाला मान आखडलेली, बोटं सुजलेली, तरी रकमधून, म्हणजे जमिनीवरच्या बॉलसाठीच्या झटापटीतून, उठून परत लाइनीत उभं राहायचं, आणि प्रॉप (पहिल्या रांगेतले वजनदार खेळाडू) असाल तर आठ विरुद्ध आठच्या स्क्रममध्ये, म्हणजे एकमेकांना ढकलणाऱ्या घोळक्यात, परत मान घालायची. सेव्हन्सच्या स्क्रमला तिघेच असतात. तुम्ही 120 किलोचे प्रॉप असाल तर विचारच करू नका, फिफ्टीन्स. लॉक (स्क्रममधला उंच, धिप्पाड खेळाडू) असूनही लिओनी नाकारावाने 2016 ला फिजीकडून सेव्हन्सचं ऑलिंपिक गोल्ड मिळवलं, पण तसा हात आणि तसा पळ हजारात एकाचा.

पैशाचं बोलू. फिफ्टीन्समध्ये देशाच्या टीमच्या मागे क्लबचा पगार उभा असतो, फ्रान्स, इंग्लंड, जपान, कुठेही, देशाने वगळलं तरी नोकरी शाबूत. सेव्हन्समध्ये तसा आधार फारसा नाही, काँट्रॅक्ट बहुतेक वेळा देशाच्या युनियनचं, म्हणजे रग्बी बोर्डाचं, आणि युनियनचा हात आखडला की सगळंच थांबतं. 2020 मध्ये कोविडच्या काळात इंग्लंडच्या सेव्हन्स खेळाडूंची काँट्रॅक्ट्स अशीच गेली, त्यात चांगले मुरलेले खेळाडू होते. माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. अर्थात क्लबच्या पगारालाही अट असू शकते. न्यूझीलंडचा खेळाडू परदेशी क्लबला गेला की ऑल ब्लॅक्सचं, म्हणजे देशाच्या टीमचं, दार साधारणपणे बंद, साउथ आफ्रिका मात्र परदेशात खेळणाऱ्यांनाही घेते. साइन करायच्या आधी तुमच्या युनियनचा नियम नीट विचारा.

दुखापत दोन्हीकडे आहे. न्यूझीलंडच्या सॉनी बिल विल्यम्सची टाचेमागची अकिलीस शीर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सच्या पहिल्याच मॅचमध्ये फाटली. पण डोक्याला बसणारे मार फिफ्टीन्समध्ये वर्षानुवर्षं साचत जातात याची मला जास्त भीती वाटते. 2003 चा वर्ल्ड कप जिंकलेल्या इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्पसनला तो विजय आठवत नाही, डिमेन्शिया झालाय. वेल्सचा कॅप्टन सॅम वॉरबर्टन 29 व्या वर्षी थांबला, शरीर साथ देईना. त्याच देशाचा अॅलन विन जोन्स मात्र वेल्सकडून 158 कसोटी (आंतरराष्ट्रीय मॅच) खेळला, म्हणजे नशिबाचाही भाग आहेच.

एकीकडून दुसरीकडे जाता येतं का? येतं, पण मला तरी सेव्हन्सकडून फिफ्टीन्सला जाणं जास्त सोपं दिसतं. साउथ आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे 2016 ला सेव्हन्सचं ऑलिंपिक ब्राँझ घेऊन आला आणि नंतर फिफ्टीन्सचे 2019 आणि 2023 असे दोन वर्ल्ड कप जिंकला, त्याचं ते जागच्या जागी वळणं पाहिलं की सेव्हन्समध्ये काय शिकला ते कळतं. उलट्या दिशेने फ्रान्सचा अंत्वान द्युपाँ गेला, त्यासाठी 2024 ची सिक्स नेशन्स (युरोपातल्या सहा देशांची फिफ्टीन्स स्पर्धा) सोडली. पॅरिस ऑलिंपिकची सेव्हन्स फायनल बघा, हाफटाइमला 7-7, हा आत आला, कडेने सुटला, पास दिला, ट्राय, मग दोन ट्राय स्वतःचे, फ्रान्स 28-7 ने जिंकला. पण तो द्युपाँ आहे. त्याच ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रेलियाचा 125 कसोटी खेळलेला मायकल हूपरही सेव्हन्सला आला होता, त्याला टीममध्ये जागाच मिळाली नाही.

मुलींसाठी माझं उत्तर बदलतं. बऱ्याच देशांत बायकांना पूर्णवेळ पगार आधी सेव्हन्सने दिला, फिफ्टीन्सचा नंतर आला, म्हणून तिथे सेव्हन्सपासूनच सुरुवात करा. न्यूझीलंडच्या पोर्शिया वुडमनकडे सेव्हन्सची दोन ऑलिंपिक गोल्डही आहेत आणि फिफ्टीन्सचे दोन वर्ल्ड कपही.

कुठलंही निवडा, काँट्रॅक्ट हातात आलं की दुखापतीचं कलम आधी शोधा, गुडघा गेला तर पगार किती महिने चालू राहणार आणि ऑपरेशनचा खर्च कोणाचा, हे तोंडी नाही, लेखी घ्या.