टू-फोटॉनला जोडलेला फ्लिम संच: दीड वर्षाच्या वापरानंतर

आम्ही नवा मायक्रोस्कोप घेतलेला नाही. प्रयोगशाळेत आधीपासून असलेल्या टू-फोटॉन मायक्रोस्कोपला (जिवंत पेशींत खोलवर पाहणाऱ्या) फ्लिमचा, म्हणजे चमकणाऱ्या प्रथिनाचा प्रकाश किती वेळ टिकतो ते मोजणाऱ्या तंत्राचा, संच जोडून घेतला: फोटॉनची वेळ टिपणारं कार्ड, दोन वेगवान डिटेक्टर आणि सॉफ्टवेअर. दीड वर्ष जवळपास रोज मीच वापरतेय, म्हणून लिहितेय.

माझं काम उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागाच्या, कापांवर. एकेका स्पाइनमध्ये (चेतापेशीच्या फांदीवरचा, संदेश घेणारा इवलासा फुगवटा) कॅम-के-टू हे एन्झाइम कधी जागं होतं, ते पाहायचं. त्यासाठी पेशीत सेन्सर घालतो: कॅम-के-टूला जोडलेली दोन प्रथिनं, त्यातलं एक हिरवं चमकणारं. आधी आम्ही नुसती त्याची चमक मोजायचो आणि तिथेच फसायचो. ग्लुटामेट (चेतापेशींमधलं संदेशवाहक रसायन) सोडलं की स्पाइन फुगते, तिच्यात सेन्सर जास्त मावतो आणि चमक आपोआप वाढते. एन्झाइम जागं झालं की नुसती जागा वाढली, कसं ओळखणार?

फ्लिम चमक विचारतच नाही. लेसरचा ठोका पडल्यावर फोटॉन किती वेळाने बाहेर पडला, एवढंच मोजतं. आमचा लेसर सेकंदाला ८ कोटी ठोके देतो, म्हणजे दोन ठोक्यांत १२.५ नॅनोसेकंद. सेन्सरमधलं हिरवं प्रथिन एकटं असलं की त्याचा प्रकाश सरासरी २.६ नॅनोसेकंद टिकतो. शेजारच्या प्रथिनाने ऊर्जा ओढून घेतली की कमी. कॅम-के-टू जागं होताना उघडतं, शेजारी दुरावतो आणि हा वेळ लांबतो. सेन्सर थोडा असो की भरपूर, उत्तर तेच.

पहिल्या यशस्वी दिवशी एका मायक्रोमीटरच्या आतबाहेरच्या एकाच स्पाइनवर ७२० नॅनोमीटरच्या लेसरप्रकाशाने दर दोन सेकंदांनी, असं मिनिटभर ग्लुटामेट सोडलं. तीच तेवढी पडद्यावर लाल झाली, म्हणजे तिथला वेळ लांबला. चार मायक्रोमीटरवरची शेजारीण निळीच राहिली. एकेका स्पाइनमध्ये कॅम-के-टू जागं होताना दाखवणारा, रियोहेई यासुदा या शास्त्रज्ञाच्या गटाचा २००९चा नेचरमधला निबंध मला जवळजवळ पाठ होता, पण आपल्या हातच्या कापात ते बघताना माझे डोळे भरून आले. दोन-तीन मिनिटांत लाली ओसरली. फुगलेली स्पाइन मात्र मी उठेपर्यंत तशीच होती.

आता त्रास. फोटॉन पुरत नाहीत, ही खरी अडचण. शंभर फोटॉनवर मोजलेल्या वेळेत चूक साधारण दहा टक्के, हजारावर तीन. आणि आपल्याला हवा असलेला बदल एक-दोन दशांश नॅनोसेकंदांचा. म्हणून पूर्ण स्पाइनचे फोटॉन एकत्र करावे लागतात, आतला तपशील सोडून द्यावा लागतो. लेसर वाढवून फोटॉन मिळवायला जाऊ नका, पेशी मरते. मी तीन आठवड्यांचे काप असे घालवले.

संच बसवणाऱ्या माणसाने अंधाराबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. मॉनिटरचा उजेडसुद्धा डिटेक्टरपर्यंत पोचतो. शेवटी काळं जाड कापड आणून आम्हीच पडदे शिवले. सॉफ्टवेअरमधून कच्चा डेटा बाहेर काढणंही किचकट. विकत घेण्याआधी तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये फाइल उघडते का, हे विकणाऱ्यांसमोर करून बघा.

आणि सकाळी लेसर तापायला पुरेसा वेळ द्या. मी रोज आधी नुसत्या हिरव्या प्रथिनाची पेशी मोजते. २.६ आला, तरच काप ठेवते.