चोवीस खोल्या, जांभ्याच्या भिंती आणि ओमाडा वायफाय: सीझन आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातलं, समुद्राकाठचं चोवीस खोल्यांचं हॉटेल. पुढची इमारत आरसीसीची, १६ खोल्या. मागची जुनी, जांभ्याची, ८ खोल्या. मधे ४५ मीटरचं आवार. इथे टीपी-लिंकची ओमाडा सिस्टीम दिवाळीपासून चालू आहे, म्हणजे नाताळची गर्दी, मे महिना आणि अख्खा पावसाळा तिच्यावरून गेला. जे कोणी आपल्या हॉटेलसाठी गेस्ट वायफाय निवडायला बसले असतील त्यांना आधीच सांगतो, कंपनी कुठली यावर फार दिवस घालवू नका. एपी (ॲक्सेस पॉइंट, वायफायचा सिग्नल देणारा डबा) खोलीत लावला की पॅसेजमध्ये, केबल कुठली ओढली, आणि रात्री दहा वाजता रिसेप्शनवरच्या मुलाला नेमकं काय करावं लागतं, पाहुण्याचा अनुभव या तीन गोष्टींवर ठरतो.

सामान असं. राउटर ईआर६०५, कंट्रोलर (सगळे एपी एका जागेवरून सांभाळणारा डबा) ओसी२००. प्रत्येक खोलीत भिंतीतला ईएपी६१५-वॉल, एकूण २४ नग. रिसेप्शन आणि डायनिंगमध्ये छतावर ईएपी६१०, बागेत ईएपी६१०-आउटडोअर एक. पुढे २४ पोर्टचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबल जोडायचा डबा, त्याच केबलवरून एपीला वीजही देणारा) एसजी३४२८एमपी, मागे ८ पीओई पोर्टचा एसजी२२१०एमपी, आणि दोन्हींच्या मधे सिंगल मोड फायबर.

स्विच घेताना पोर्ट मोजतात तसे वॅटही मोजा. पुढच्या इमारतीत १६ खोल्या अधिक तीन, असे १९ एपी. प्रत्येकी कमाल १३ वॅट धरले तर २४७ होतात. २५० वॅटचा स्विच कागदावर पुरतो, पण ओसी२०० देखील पीओईवर चालवायचा आणि उद्या एखादा आयपी कॅमेरा वाढला की बजेट संपलं. बजेट संपल्यावर स्विच कमी प्राधान्याच्या पोर्टची वीज तोडतो आणि कोपऱ्यातल्या एखाद्या खोलीचं वायफाय कारण न कळता बंद पडतं. म्हणून ३८४ वॅटचा घेतला. रोजचा वापर साधारण निम्माच असतो, पण कमाल आकडा धरूनच खरेदी करावी. खोलीतल्या एपीच्या पीओई आउट पोर्टवर आयपी फोन लावणार असाल तर त्या पोर्टला स्विचकडून ८०२.३एटी म्हणजे ३० वॅटची वीज द्यावी लागते, हेही हिशेबात घ्या.

पॅसेजमध्ये चार-पाच एपी लावून काम भागवायचा सल्ला बहुतेक इन्स्टॉलर देतात, कारण केबल कमी लागते. हॉटेलच्या खोलीची रचना मात्र त्याच्या विरुद्ध आहे. दारातून आत शिरलं की लगेच बाथरूम. म्हणजे पॅसेज आणि पलंग यांच्या मधे टाइल्स, आरसा, गीझर आणि पाण्याचे पाइप. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथेच मरतो आणि फोन २.४ गिगाहर्ट्झच्या हळू पट्ट्यावर उतरतो. शिवाय सरळ पॅसेजमधले एपी एकमेकांना स्वच्छ ‘ऐकतात’, त्यामुळे एकाच चॅनलवरचे दोन एपी एकमेकांसाठी थांबत राहतात. खोलीत सिग्नल कमी आणि पॅसेजमध्ये गोंगाट, असं दुहेरी नुकसान.

जांभ्याच्या इमारतीत तर पर्यायच नाही. भिंत जाड आणि दगड सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि ओल्या भिंतीतून सिग्नल आणखी कमी जातो. मे महिन्यात मोजणी करून ‘शेजारच्या खोलीतलं वायफाय इथे पुरतं’ असं ठरवलं तर जुलैत तक्रारी येणार. मोजायचं असेल तर दार बंद करून, पलंगाच्या उशीपाशी मोजा. फोनवर उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून बरं मिळालं पाहिजे. दारात उभं राहून केलेल्या मोजणीला काही अर्थ नाही.

ईएपी६१५-वॉल बसवताना एक अडचण येतेच. त्याची पट्टी ८६ मिलिमीटरच्या चौकोनी बॉक्ससाठी आहे, आपल्याकडचे मॉड्युलर बॉक्स वेगळ्या मापाचे. स्क्रूची भोकं जुळत नाहीत. जुना बॉक्स फोडण्यापेक्षा वर सरफेस बॉक्स लावणं सोपं. जागा निवडताना टीव्हीच्या मागची आणि लोखंडी कपाटाच्या आडची टाळा. लिहायच्या टेबलाच्या उंचीवर, पलंगाकडे तोंड करून बसवलेला एपी सगळ्यात चांगला चालतो. त्याच्या खालच्या तीन पोर्टपैकी एकाला टीव्ही केबलने जोडा. टीव्ही हवेतून उतरला की पाहुण्यांच्या फोनला मोकळी हवा मिळते. त्या पोर्टला फक्त इंटरनेट असलेला व्हीलॅन (त्याच केबलवरचं वेगळ्या कप्प्यातलं नेटवर्क) द्यायचा, नाहीतर कुणी टीव्हीची केबल काढून लॅपटॉपला लावली तर तो थेट ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येतो.

केबलबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण महिनोन् महिने त्रास देणारी गोष्ट तीच. बाजारात कॅट-६ म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. ती हलकी आणि स्वस्त असते, आणि लिंकही लागते. पण तिचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त, त्यामुळे पीओईची वीज वाटेत पडते. दुपारी रिकाम्या खोलीत एपी चालतो, रात्री लोड वाढला की रीस्टार्ट होतो. ओळखायची खूण साधी आहे. तार ब्लेडने खरवडा, आत पांढरट दिसलं तर ॲल्युमिनियम. बिलावर ‘शुद्ध तांबं, २३ गेज’ लिहून घ्या आणि प्रत्येक पेटीतला तुकडा खरवडून बघा. अंतर भिंतीतल्या केबलचं ९० मीटर आणि पॅच कॉर्डसह १०० मीटरच्या आत.

दुसरी खूण कंट्रोलरवर दिसते. एखाद्या एपीची लिंक १००० ऐवजी १०० दाखवत असेल तर आठपैकी एखादी तार तुटली आहे किंवा कनेक्टर गंजला आहे. १०० एमबीपीएसला चारच तारा पुरतात, म्हणून वायफाय चालू राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. खाऱ्या हवेत हे हमखास होतं. बागेतल्या एपीचा कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवट थर दिसतो. बाहेरच्या प्रत्येक जोडणीला ग्लँड (केबलभोवतीचं पाणीबंद बूच) घट्ट हवी, आणि पावसाळ्याआधी कनेक्टर कापून नवा क्रिंप करणं हा वार्षिक कामाचा भाग धरा.

रेडिओची सेटिंग्ज मुळातल्या ‘ऑटो’वर सोडू नका. खोलीगणिक एपी असला की पॉवर कमी ठेवावी लागते, नाहीतर फोन शेजारच्या खोलीतल्या एपीला चिकटून बसतो. २.४ वर ८ ते १० डीबीएम, चॅनल १, ६, ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. तीन खोल्यांआड २.४ चा रेडिओ बंदच केला तरी चालतं. ५ वर १४ ते १६ डीबीएम, रुंदी ४०, चॅनल ३६, ४४, १४९, १५७. खोल्या फार दाटीने असतील तर २० रुंदी घ्या, मग १६५ धरून नऊ चॅनल मिळतात. ५२ ते १४४ या पट्ट्यात एपीला रडारची चाहूल लागली की चॅनल सोडावा लागतो आणि व्हिडिओ कॉल तुटतो, म्हणून तो पट्टा वापरलेला नाही. किमान डेटा रेट १२ एमबीपीएस ठेवला की लांबचा, रेंगाळणारा फोन आपोआप जवळच्या एपीकडे जातो.

आता रिसेप्शन. ओमाडाच्या पोर्टलमध्ये, म्हणजे वायफायला जोडल्यावर उघडणाऱ्या लॉगिनच्या पानात, व्हाउचर (पाहुण्याला द्यायचा कोड), एसएमएस, साधा पासवर्ड असे प्रकार आहेत. हॉटेलला व्हाउचरच योग्य, असं ठाम मत झालं आहे. भारतात ओटीपीचा एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची यंत्रणा) हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर यांची नोंदणी लागते, आणि परदेशी नंबरवर ओटीपी पोहोचेलच असं नाही. चेक-इनला ओळखपत्र घेतलेलं असतंच. रजिस्टरमध्ये खोली क्रमांकासमोर व्हाउचरचा आकडा लिहिला की कोण, कधी, कुठल्या कोडवर होता याची साखळी पूर्ण होते.

व्हाउचर बनवताना ‘वापरांची संख्या’ आणि ‘एका वेळी ऑनलाइन’ अशा दोन मर्यादा दिसतात. पहिली घेऊ नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला खोटा मॅक पत्ता (उपकरण ओळखायचा क्रमांक) देतात. हा पत्ता बदलला की सिस्टीमला तो नवा फोन वाटतो, एक वापर खर्च होतो आणि दुसऱ्या दिवशी कोड संपतो. ‘एका वेळी चार ऑनलाइन’ ही मर्यादा दोघांच्या खोलीला व्यवस्थित पुरते. वेग प्रत्येक उपकरणाला १० एमबीपीएस. एचडी व्हिडिओला ५ लागतात, त्यामुळे कुणाची तक्रार येत नाही. रिसेप्शनच्या मुलांना फक्त हॉटस्पॉट ऑपरेटरचं लॉगिन द्या. त्यातून व्हाउचर बनतात, सेटिंग्जला हात लागत नाही.

‘पेज उघडत नाही’ ही रिसेप्शनवरची नेहमीची तक्रार. कारणं दोनच निघतात. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएसला एखादा पत्ता भरलेला असतो, किंवा व्हीपीएन चालू असतं. दोन्ही तात्पुरतं बंद करून ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडायला सांगा, पोर्टल समोर येतं. हे दोन ओळींत छापून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. पोर्टलमधलं एचटीटीपीएस रीडायरेक्ट बंद ठेवा, नाहीतर पाहुण्याला सर्टिफिकेटची लाल सूचना दिसते आणि तो घाबरतो.

एक मर्यादा घेण्याआधीच माहीत असावी. कंट्रोलर बंद पडला तर एपी सिग्नल देत राहतात, पण पोर्टल चालत नाही, म्हणजे नवा पाहुणा आत येऊ शकत नाही. म्हणून ओसी२००, राउटर, दोन्ही ओएनटी (इंटरनेट कंपनीची फायबर लाइन जिथे येते तो डबा) आणि स्विच ऑनलाइन यूपीएसवर हवेत. जनरेटर आहे म्हणून यूपीएस टाळू नका. लाइट जाऊन जनरेटर येईपर्यंतच्या काही सेकंदांत सगळं रीस्टार्ट होतं आणि एपी परत उभे राहायला काही मिनिटं जातात. ओसी२०० च्या यूएसबी पोर्टला पेन ड्राइव्ह लावून ऑटो बॅकअप चालू ठेवा.

लग्नाच्या दिवशी वेगळीच गोष्ट अडते. नेहमीच्या रचनेत जेमतेम अडीचशे आयपी पत्ते असतात. हॉलवर तीनशे माणसं आली की फोन ‘आयपी मिळवत आहे’ वर अडकतात आणि सगळे इंटरनेटला दोष देतात. गेस्ट व्हीलॅनला १९२.१६८.४०.० वर /२२ द्या, १०२२ पत्ते मिळतात. लीज (एक पत्ता एका फोनकडे राहण्याची मुदत) चार तासांची ठेवा. ऑफिस, सीसीटीव्ही आणि कार्ड स्वाइप मशीन यांचे व्हीलॅन वेगळे, आणि गेस्ट नेटवर्कवर क्लायंट आयसोलेशन (उपकरणं एकमेकांशी बोलू न देणं) चालू. त्याची किंमत म्हणजे फोनवरून टीव्हीवर कास्ट होत नाही. आम्ही ती सोय सोडून दिली, सुरक्षितता महत्त्वाची.

इंटरनेटच्या दोन लाइन, दोन वेगळ्या कंपन्यांच्या आणि शक्यतो वेगळ्या खांबांवरून आलेल्या. मुख्य लाइन तुटली तरी ओएनटी आणि राउटर यांच्यातली केबल शाबूत असते, त्यामुळे पोर्ट ‘चालू’ दिसतो. ऑनलाइन डिटेक्शनमध्ये बाहेरचा पत्ता, उदाहरणार्थ ८.८.८.८, तपासायला लावा, तरच राउटर दुसऱ्या लाइनवर जातो. दोन्ही लाइन एकत्र वाटून वापरत असाल तर ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड रूटिंग चालू हवं. ते नसेल तर नेट बँकिंग करताना मधेच बाहेरचा आयपी बदलतो आणि बँक लॉगआउट करते.

नोंदींची बाजू हलक्यात घेऊ नका. जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांआधीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख ठेवण्याच्या सूचना इंटरनेट कंपन्यांना दिल्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग म्हणजे नोंदी १८० दिवस ठेवणं आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवणं आहे. कंट्रोलरमधल्या साठ्यावर विसंबू नका. रिमोट लॉगिंग चालू करून ऑफिसच्या पीसीवर नोंदी साठवा. आपल्या कनेक्शनवर पाहुण्यांना इंटरनेट देता येतं की नाही हे इंटरनेट कंपनीकडून लेखी घ्या, घरगुती प्लॅनवर हॉटेल चालवू नका.

पावसाळ्यात खरी परीक्षा विजांची. वळीव आणि परतीचा पाऊस, दोन्ही वेळा. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल असती तर जवळ पडलेल्या विजेने दोन्ही टोकांचे स्विच गेले असते, फायबरमुळे तो धोकाच राहत नाही. बागेतल्या एपीला इथरनेट सर्ज प्रोटेक्टर आहे, पण त्याची अर्थिंगची तार खरोखर अर्थिंगला जोडलेली हवी आणि अर्थिंग ५ ओहमच्या खाली. नुसता डबा लावून गेलेले वायरमन बरेच असतात.

ही सिस्टीम कुणी घेऊ नये? पाहुण्याने खोली क्रमांक आणि आडनाव टाकून आत यावं, बिलही आपोआप चढावं, अशी गरज असेल तर हॉटेलच्या सॉफ्टवेअरशी जोडला जाणारा नोमॅडिक्ससारखा गेटवे आणि रकससारखे एपी बघा, खर्च बराच वाढतो. शंभराच्या वर उपकरणं असतील तर ओसी२०० पुरणार नाही. ऐंशी खोल्यांपर्यंत, दरवर्षीचं लायसन्स नको असेल तर ओमाडा आणि युबिक्विटीची युनिफाय या दोन्हींत जिचा माणूस तुमच्या तालुक्यात येऊन काम करतो ती घ्या.

जवळ ठेवायचं सुटं सामान: एक जादा ईएपी६१५-वॉल, एक पीओई इंजेक्टर, एक फायबर मॉड्यूल जोडी, क्रिंपिंग टूल आणि कनेक्टरची पिशवी. एपी बदलायचा झाला की जुना कंट्रोलरमधून ‘फर्गेट’ करा, नवा ‘ॲडॉप्ट’ करा, आणि टीव्हीच्या पोर्टचा व्हीलॅन हाताने पुन्हा भरा. तो त्या एकाच एपीपुरता नोंदलेला असतो, नव्यात आपोआप येत नाही.